आगाऊ पेढा

लातूरच्या एका जाहिरात कंपनीत मी काही वर्षं काढली. सोडताना घरी आणलं ते फक्त पाण्याची बाटली आणि मोबाइलचा चार्जर. किस्से मात्र न मागता बरोबर आले, आणि आता ते ठेवायला जागा नाही! लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, "तुम्ही त्या अमोलकडं होता ना? पेपरात आलेला तो?" मी हो म्हणते, एक किस्सा सांगते, आणि तो संपायच्या आत दुसरा आठवतो. वाढणारा माणूस दोनदा येऊन जातो, तरी माझं पान रिकामंच.

आधी माणसं सांगते. कंपनी म्हणजे क्लासेसच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालक अमोल. भूकंपानंतर जन्मलेला, औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावचा, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला. वय एवढं कमी की बँकवाले त्याला "वडिलांना घेऊन ये" म्हणायचे. मोबाइल उघडला की मध्येच ज्या जाहिराती डोकावतात, त्या आम्ही बनवायचो. मजकूर मी लिहायची. फोटो इर्शादभाई काढायचे. इर्शादभाईंनी आयुष्यभर लग्नं शूट केलेली, त्यामुळे बारावीच्या मुलांनाही ते म्हणायचे, "बेटे, थोडा शरमाके देखो ना!"

* * *

अमोलचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक मेसवाल्या काकू. बाहेरगावची पोरं लातुरात शिकायला येतात, त्यांना डबा देणाऱ्या. अमोलनं काकूंच्या धपाट्यांचा फोटो काढला, शेजारी दही, वर ठेचा, आणि गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलवर जाहिरात सोडली. एकही पोरगं फिरकलं नाही.

काकू म्हणाल्या, "आरं, ह्या पोरास्नी धपाटे नको, मंचुरियन पायजे!"

अमोल विचारात पडला. मग त्यानं तोच फोटो हदगाव आणि कंधारकडच्या बायांच्या मोबाइलवर सोडला. वर एकच ओळ होती, 'तुमचं लेकरू आज काय जेवलं?' झालं! आयांनी पोरांना फोन केले, पोरांनी कबुली दिली, आणि काकूंच्या दारात रांग लागली.

आठवड्याभरात काकू धापा टाकत आमचा जिना चढून आल्या. "बंद कर बाबा ती जाहिरात! दिवसभर आया मलाच फोन करून राहिल्यात, लेकरू जेवलं का म्हणून. अन् निम्मी लेकरं माज्या मेसला न्हाईतच!"

तिथून अमोलचा धंद्याचा नियम ठरला. "मॅडम, शिकणारा एक असतो आणि फी भरणारा दुसरा. आपण जाहिरात दुसऱ्याला दाखवायची." क्लासवाल्यांना हा नियम इतका आवडला की पुढच्या दोन वर्षांत गल्लीतले बहुतेक क्लास आमचे झाले. कंधारच्या बापानं खताच्या दुकानाबाहेर उभं राहून मोबाइल उघडला, की त्याला लातूरचा क्लास दिसलाच पाहिजे, अशी व्यवस्था अमोलनं केली. असाच कंधारचा एक बाप पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

* * *

अमोलच्या वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. झेडपीच्या पत्र्याच्या शाळेत शिपाई होते. भूकंपात त्यांचं दगडामातीचं घर पडलं आणि त्यांची आई त्याखाली गेली. तेव्हापासून अण्णा स्लॅबखाली पाऊल ठेवत नाहीत. सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात त्यांनी ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः समोर पत्र्याचं शेड मारून राहिले.

त्यामुळे ते लातूरला आले तरी ऑफिसात कधी येत नसत. समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचे आणि आम्ही खाली जायचो. एकदा एका क्लासचे नवे सर आले. अण्णांना वॉचमन समजून त्यांनी विचारलं, "काय हो, साहेब आहेत का वर?"

"हायेत की," अण्णा म्हणाले. "पर इमारतीचा भरवसा न्हाई. लौकर जाऊन या."

सर वर आलेच नाहीत!

* * *

मग नांदेडला शाखा निघाली. उद्घाटनाला अमोलला 'युवा उद्योजक' म्हणून शाल-श्रीफळ मिळालं. तिथले क्लासवाले म्हणाले, "आमाला लातूरसारकं पायजे." लातूरचे म्हणत, "आम्हाला राजस्थानातल्या क्लाससारखं पाहिजे." अमोल दोघांनाही हो म्हणायचा आणि दोघांच्याही जाहिरातीत चष्म्यातल्या एका पोराचा तोच हसरा फोटो टाकायचा.

एका बापानं ते पकडलं. फोन करून म्हणाला, "एक इचारू का? हे तुमचं चष्म्याचं पोरगं दोन्हीकडं शिकायलंय, मग त्याला ह्या क्लासचं काही कळंना का त्या क्लासचं?"

* * *

आता पेढ्यांकडं येते.

आमच्याकडं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की क्लासचे सर पोराला फेटा बांधतात आणि पेढा भरवतात. त्याचा फोटो निघतो. तो फोटो ज्या क्लासचा आधी बाहेर पडेल, पोरगं त्या क्लासचं! ते त्या क्लासला दोनच महिने गेलं असलं तरी चालतं. एक हुशार पोरगी तर एका दुपारी इतक्या क्लासचे पेढे खाऊन आली की रात्री तिला सलाईन लावावं लागलं.

ह्या शर्यतीत निकालाच्या दिवशी फार धावपळ व्हायची. पोरं गावाकडं, सर लातुरात, फेटेवाला भलतीकडंच. तेव्हा बायोलॉजीचा क्लास चालवणारे आमचे एक मोठे गिऱ्हाईक, बायोवाले सर, त्यांना युक्ती सुचली. "अमोलशेठ, पोरं तर मला माहीतच आहेत. कोण लागणार, कोण नाही. पेढे आगाऊच भरवून टाकू ना!"

परीक्षा झाली आणि पोरं गावी जायच्या आधीच त्यांना ऑफिसात बोलावलं. एकच तयार फेटा होता, मागून पिना लावायच्या आणि डोक्याच्या मापाचा करायचा. इर्शादभाई ओळीनं फोटो काढत होते. मुलं लाजत होती, पेढे खात होती, सर प्रत्येकाच्या खांद्यावर तसाच हात ठेवून तसंच हसत होते.

त्यात शीतल नावाची मुलगी होती. कंधारची. वडिलांचं शिलाईचं दुकान. ती फेटा हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, अजून निकाल न्हाई लागला."

अमोल मनमोकळा हसला. "अगं, आज काढून ठेवू. त्या दिवशी वेळ मिळायचा नाही."

शीतलनं तोंड उघडलं. इर्शादभाई म्हणाले, "हँसो बेटे, डॉक्टर बन गए तुम!"

मला ती मुलगी आवडली होती. एवढ्या पोरांत फेट्याच्या पिना नीट काढून परत देणारी ती एकटी.

* * *

निकालाच्या दिवशी दुपारी काय झालं ते सांगते.

निकालाची वेबसाइट दरवर्षी पहिले काही तास उघडतच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सर म्हणाले, "जाहिराती वेळ लावून ठेवा. आपोआप सुटू देत. मार्क मागून टाकू." अमोलनं वेळ लावून ठेवली. कुणाचे मार्क कमी आले तर तेवढी जाहिरात थांबवायची, असं ठरलं होतं.

आणि नेमका त्या दुपारी नाली खोदणाऱ्या जेसीबीनं गल्लीची केबल तोडली! नेट गेलं. मोबाइलची रेंज सगळ्या गल्लीनं मिळून खाऊन टाकली. अमोल मोबाइल खिडकीबाहेर धरून उभा, मी गच्चीवर, इर्शादभाई स्कूटर घेऊन नेट शोधायला गेलेले. जाहिराती मात्र ठरल्या वेळेला सुटल्या.

कंधारला शीतलच्या वडिलांनी दुकानात मोबाइल उघडला. समोर त्यांचीच लेक! डोक्यावर फेटा, तोंडात पेढा, वर 'शासकीय मेडिकलला प्रवेश निश्चित! पालकांचं हार्दिक अभिनंदन!' वेबसाइट तिकडंही उघडत नव्हती. शीतल सकाळपासून प्रयत्न करत होती. वडील धावत घरी गेले आणि म्हणाले, "बाई, तुज्या सरास्नी कळलंय!" तिनंही ते खरं मानलं. तिनं का मानू नये?

मग व्हायचं ते सगळं झालं. गुलाल, हलगी, ट्रॅक्टरवर मिरवणूक. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच ठेवून वडील ट्रॅक्टरपुढं नाचले.

संध्याकाळी वेबसाइट उघडली. शीतलला मेडिकल मिळण्याइतके मार्क नव्हते.

लोक काय म्हणाले ते मला नंतर कळलं. जाहिरात खोटी होती, असं कुणीच म्हणालं नाही. लोक म्हणाले, पोरगी खोटी. घरच्यांना फसवून मिरवून घेतलं म्हणाले. मला आजही ह्याचा राग येतो.

* * *

बायोवाले सर म्हणाले, "माफी मागून टाका, विषय संपवा."

माफीचा मजकूर मी लिहिला. साधा होता. चूक आमची आहे, विद्यार्थिनीनं काहीही खोटं सांगितलेलं नाही, आम्ही तिची आणि तिच्या कुटुंबाची क्षमा मागतो. अमोल म्हणाला, "ज्यांनी ज्यांनी ती जाहिरात बघितली, त्या सगळ्यांना ही दिसली पाहिजे." त्यानं मनापासून केलं, हे मी स्वतः पाहिलंय. आधीच्यापेक्षा जास्त लोकांना दाखवली. आणि लोकांना कळावं की माफी नक्की कुणाची मागतोय, म्हणून वर फोटो लावला.

तोच. फेटा आणि पेढा.

माफी तुफान चालली! आमच्या कुठल्याच जाहिरातीला एवढे लोक मिळाले नव्हते. ज्या गावांत शीतलचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, तिथंही ती पोचली. दोन दिवसांनी नांदेडच्या एका क्लासचा फोन आला, "अमोलशेठ, ती माफी लई भारी झाली! आमच्याबी नावानं एक मागा की!"

"पण तुमची चूक काय झाली?" मी विचारलं.

"ते तुमी काढा, मॅडम. लिवणाऱ्या तुमी हाव!"

* * *

त्याच आठवड्यात शीतलचे वडील एसटीनं लातूरला आले. मळखाऊ शर्ट, गळ्यात टेप. बहुतेक काढायची राहून गेली असावी. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पाणी दिलं, ते प्यायले.

अमोल हात जोडून उभा होता. म्हणाला, "काका, आम्ही माफी मागितली. सगळ्यांसमोर मागितली."

"हाव, बघितली," ते म्हणाले. "माफी मागितली, चांगलं झालं. पर लेकरा, फोटो काहून लावलास?"

इर्शादभाई कॅमेऱ्याची काच पुसत बसले, जी स्वच्छच होती. काका ग्लास जागेवर ठेवून जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी कंधारला तक्रार दाखल केली. फसवणूक, बदनामी आणि आयटी ॲक्ट. पेपरात 'युवा उद्योजकावर गुन्हा' असं छापून आलं. फोटो मात्र शाल-श्रीफळाचाच होता, आमच्याच इर्शादभाईंनी काढलेला!

* * *

जबाबाला अमोलबरोबर मीही गेले होते. एक हवालदार लिहून घेत होते. नाव, गाव, धंदा, जाहिरात कुणी लावली, वेळ कुणी लावली. अमोल सगळ्याला "मी" म्हणत होता. सरांचं नाव घे म्हणून मी टेबलाखालून पाय दाबला, तर म्हणाला, "मॅडम, बटण मीच दाबलंय."

लिहून झालं. हवालदारांनी पेन खिशाला लावलं, इकडंतिकडं बघितलं आणि खुर्ची पुढं ओढली. "आता खासगीत सांगा. तुमाला आतलं सगळं माहिताय. माजं पोरगं अकरावीला हाय. कोणता क्लास चांगला?"

अमोलनं बराच विचार केला. म्हणाला, "साहेब, त्याला सकाळी उठवा."

"म्हंजे?"

"बाकी सगळं मी मॅडमकडून लिहून घेतलेलं असतं."

हवालदार इतके नाराज झाले की त्यांनी आम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

बायोवाल्या सरांनी मात्र जबाबात सांगितलं, की एजन्सीनं जाहिरात परस्पर सोडली, आम्हाला कल्पना नव्हती. म्हणजे आमचे सर्वात मोठे गिऱ्हाईक सरकारी साक्षीदार झाले! बाकीचे क्लासही हळूहळू दुसरीकडं गेले. नांदेडची शाखा बंद झाली. तिथल्या पाटीवर आता एक दंतवैद्य आहे.

* * *

जामिनाच्या दिवशी कोर्टात मी होते. अण्णा जामीनदार. कोर्ट वरच्या मजल्यावर.

अण्णा जिन्याखाली आले आणि थांबले. वकीलसाहेब घाई करत होते, "चला हो, नाव पुकारतील." अमोल म्हणाला, "राहू द्या. दुसरं कुणी बघू." अण्णांनी चप्पल काढून एका बाजूला ठेवली, जणू देवळात निघाले आहेत, आणि चढायला लागले. कठडा धरून, एकेक पायरी. मी मागं होते. त्यांच्या सदऱ्याची पाठ पूर्ण भिजली होती.

आत उभे राहिले ते थेट छताकडं बघत. नाव विचारलं, सांगितलं. आरोपी कोण लागतो विचारलं, "पोरगा," म्हणाले. नजर वरच.

न्यायाधीश म्हणाले, "वर काय बघताय? इकडं बघा."

"काही न्हाई साहेब," अण्णा म्हणाले. "तुमचं चालू द्या. म्या ध्यान ठेवतो."

कोर्टात हसू फुटलं. अमोल हसला नाही. खाली आल्यावर त्यानं वाकून अण्णांच्या पायात चप्पल सरकवली आणि तसाच बराच वेळ खाली बसून राहिला.

* * *

केस चालत राहिली. तारखा पडत राहिल्या. ऑफिसात आम्ही तिघंच उरलो, काम म्हणजे अधूनमधून एखाद्या रसवंतीची जाहिरात. शेवटी शीतलची साक्ष लागली. वकीलसाहेबांनी अमोलला समोर बसवून सांगितलं, "आता सगळं तिच्यावर आहे. ती म्हणाली, फोटो माझ्या मर्जीनं काढला आणि पुढं चूक झाली, तर सुटशील. ती म्हणाली, मला फसवलं, तर आत जायची तयारी ठेव."

"ती खरं तेच म्हणेल," अमोल म्हणाला.

"खरं काय आहे पण?" वकीलसाहेबांनी विचारलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, जिन्यावर पावलं वाजली आणि दारात शीतल उभी! नर्सिंगला लागली होती नांदेडला. तिथून एसटीनं एकटीच आलेली. खांद्याला पिशवी, हातात मिठाईचा बॉक्स. अंगानं थोडी वाळलेली, पण मान ताठ.

अमोल खुर्चीतून उठला. मीच म्हटलं, "ये शीतल."

ती आत आली. भिंतीवरच्या खुंटीला तो जुना फेटा अजून तसाच लटकत होता, कुणी काढलाच नव्हता. तिनं तो काढला. त्यावरची धूळ झटकली आणि सरळ अमोलच्या डोक्यावर ठेवला. मागं जाऊन पिना लावल्या, मापात बसवला, पुढून बघितलं, जरा तिरपा होता तो सरळ केला. अमोल शाळेतल्या पोरासारखा उभा.

मग तिनं बॉक्स उघडला. पेढे होते.

"चाचा," ती इर्शादभाईंना म्हणाली, "कॅमेरा चालू हाय का?"

इर्शादभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? त्यांनी कॅमेरा उचलला.

शीतलनं एक पेढा घेतला आणि अमोलच्या तोंडाजवळ नेला.

"शीतल," अमोल कसाबसा म्हणाला, "साक्ष तर उद्या आहे."

"माहिताय, सर," ती म्हणाली. "आज काढून ठेवू. उद्या वेळ मिळायचा न्हाई."

अमोलनं तोंड उघडलं. इर्शादभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाला "हँसो" म्हणाले नाहीत.